ठमीचं दूध तोडलं!

चिरंजीव धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? मेव्हण्यांचा खोकला थांबला नसेल तर त्यांना सांग, औषधाच्या बाटलीकडे नुसतं बघून खोकला जात नाही. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? माझं डोकं तापलंय. ठमीचं दूध तोडलंय! तूच टोपलीत घालून आणलेली, माझ्या मांडीवर वाढलेली आपली ठमी, आणि तिला दूध नाही!

झालं असं, की ठमीचं पोट बिघडलं. आता पोट कुणाचं बिघडत नाही? पण तिनं जागा निवडली ती नेमकी मी शिवून, इस्त्री करून ठेवलेल्या सोफ्याच्या कव्हरांची. (पांढरी कव्हरं. गिऱ्हाइकाला मी आधीच म्हटलं होतं, पांढरं घेऊ नका, मळतं. अर्थात ते या अर्थानं नव्हे.) मशीन तसंच सोडून तिला उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कसला, पोरगाच तो, त्याच्यापेक्षा ठमीच्या मिशा दाट. म्हणाला, "काका, दूध देता का?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "रोज ग्लासभर!" तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी तिला मशीनचं तेलच पाजत होतो. म्हणे, पिल्लांना आईचं दूध पचतं, पण मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर झेपत नाही. चमचाभर साधं दही, चीजचा नखाएवढा तुकडा चालेल, तोही मानवला तर. आइस्क्रीमचं नावच काढू नका. अगं, दही काय आभाळातून पडतं? आई वाईट आणि लेक गुणाची, हा कुठला न्याय? मी हे त्याला ऐकवणारही होतो, पण ठमी टेबलावर पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. ते बघवेना, म्हणून मान डोलावली आणि तिला घरी आणलं. दूध बंद केलं. पोट आता छान आहे तिचं. पण राग तो राग! संध्याकाळ झाली की ती पायाशी येऊन बसते, ग्लासाकडे बघते, मग माझ्याकडे बघते. मी काय सांगू तिला? (तुझ्या वहिनीला यातलं काही बोललो नाही. उगाच तिच्या जिवाला घोर.)

तुझा,
संतापलेला दादा

ता. क. : तो ग्लास माझा. हाडांसाठी म्हणून तुझी वहिनी रोज देते आणि ओठाला साय लागली की माझ्या अंगावर काटा येतो. ठमी बिचारी ग्लासात तोंड घालून तळापर्यंत साफ करायची. आता कुंडीत ओततो, तर रोपानं मान टाकलीय. तेव्हा तू वहिनीला लिही, की वयस्कर माणसांनाही दूध झेपत नाही, आपल्या वडिलांनाही झेपत नव्हतं. (झेपत होतं, पण ते काही आता सांगायला येत नाहीत.) माझं नाव मध्ये आणू नकोस.

आणखी ता. क. : वन्सं, यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते. हे विसरले. ग्लास इतका लख्ख परत यायचा, की मी तो नुसता विसळून ठेवत होते. मागच्या खेपेला तुम्ही पाणी प्यायलात तो हाच. ठमीला आजपासून चमचाभर दही. यांना दोन ग्लास, माझ्यासमोर.