दोघांचं काम

दि. २ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
ताईचे आशीर्वाद. वि. वि. तू डिश पाठवलीस ती पाठवलीस, पण बसवायला तो माणूस कुठून शोधून काढलास? चार जिने चढून आला तोच धापा टाकत. वर गच्चीवर जायला आणखी वीस पायऱ्या, त्या कोण चढणार? म्हणून गॅलरीच्या कठड्यालाच आवळून मोकळा झाला. मी म्हणाले, अहो इथे नको, समोरचं दिसत नाही. तर म्हणतो, काकू, समोरचं कशाला बघता, आता आतलं बघा, दीडशे चॅनेल आहेत. पन्नाशीचा बाप्या, मी त्याची काकू कधी झाले? उरलेल्या वायरचं वेटोळं तिथेच टाकलं, माझ्या सतरंजीवर बुटांचे ठसे ठेवले आणि गेला.

गॅलरीच्या दारात तुझ्या दाजींची खुर्ची आहे. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हॉस्पिटलच्या धुलाईघरातून आले की मी चहा घेऊन त्या खुर्चीत बसते. समोरच्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर, एक शिवणवाली आहे. खिडकीत तिचं मशीन. मधला रस्ता एवढा रुंद की घसा फोडला तरी ऐकू जायचं नाही. मी बसले की ती हात वर करते. मग मी करते. झालं आमचं बोलणं. तिचं नाव मला माहीत नाही, माझं तिला नाही. पण दिवसभरात माझ्याकडे बघून कोणी हात वर करतं ते तेवढंच. आता तिथे परातीएवढी डिश आहे. हात वर केला तर तो डिशला.

आधी पंखा पाठवलास, मग मिक्सर, आता हे. तू सोडून सगळं येतं.

फोन करू नकोस. फोनवर तू बरं बरं म्हणतोस आणि ठेवतोस. कागदावर निदान चार ओळी तरी लिहाव्या लागतात. तुझ्या बायकोला आणि मुलीला आशीर्वाद. रागावलेली असले तरी तुझीच,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं. बायको म्हणाली, कागद हाताला गरम लागतोय. मी म्हटलं, शीतगृहात दिवस काढणाऱ्या माणसाला तेवढीच ऊब.

डिश का पाठवली ते सांगतो. मागे तू बोलता बोलता म्हणालीस की घरात घड्याळाचा आवाज फार मोठा येतो. ते माझ्या डोक्यातून जाईना. वाटलं, चार माणसं बोलत राहतील घरात. शिवणवालीचं मला कुठे ठाऊक होतं? तू कधी बोलली नाहीस.

कंपनीला कळव, ते हलवून देतील. तू मात्र पाना घेऊन वर चढू नकोस. मी तुला ओळखतो, म्हणून दोनदा लिहितो : चढू नकोस. डिश लावणं एकट्याचं काम नाही. एकाने फिरवायची, दुसऱ्याने आत पडद्यासमोर उभं राहून सांगायचं. आठवतं ना, छपरावर तू अँटेना धरून आणि खाली मी. मी आलं म्हणून ओरडायचो आणि तू हात सोडलास की परत मुंग्या. मग चित्र दिसावं म्हणून सगळा कार्यक्रम तू वरच उभी.

तू सोडून सगळं येतं म्हणतेस, पण या महिन्यात यायला जमत नाही. एक कॉम्प्रेसर बंद पडलाय आणि दुसऱ्याच्या जिवावर सगळा माल आहे. जिवाला जप, माझ्यावरचा राग थोडा उतरू दे.
तुझा,
टिल्लू


दि. १६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. वि. वि. चढले.

आधी कंपनीला कळवलं होतं. ते म्हणाले, आठवड्यात माणूस येईल. आठवडा झाला, माणूस नाही. मी आणखी थांबलेही असते, पण गुरुवारी दारावर थाप पडली. उघडलं तर शिवणवाली. गळ्यात टेप, कपाळावर घाम, गुडघा धरून उभी. खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि माझे चार जिने. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आहात तर. दहा दिवस हात दिसला नाही म्हणून बघायला आले. मी बस म्हटलं, चहा टाकते म्हटलं. तर म्हणे कोणाचा तरी ब्लाऊज संध्याकाळी द्यायचाय. आली तशी गेली. माझ्या दारात, मी जिवंत आहे का हे बघायला, तीन वर्षांत आलेलं हे पहिलं माणूस. आणि तिला मी नाव विचारायचं विसरले.

ती गेली आणि मी दाजींचा पाना काढला. डिश सोडवली, गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला आवळली. वेटोळं होतं म्हणून वायर पुरली. कठडा मोकळा झाला. शिवणवालीने लगेच हात वर केला.

पण चित्र जे गेलं ते गेलंच. फिरवायची आणि खाली येऊन बघायचं. काही नाही. परत वर, परत फिरवायची, परत खाली. अकरा वेळा केलं. मग कोणीतरी आहे असं समजून वरूनच ओरडले, आलं का? टाकीवरचा कावळा उडाला, बाकी काही नाही. धुलाईघरात चादरीची घडीसुद्धा दोघींनी घालायची असते. एकटीने घातली की एक टोक जमिनीला लागतं आणि धुतलेली चादर परत धुवायला जाते. आता गच्चीवर मला तेच वाटलं.

एक दिवस ये. पडद्यासमोर उभा राहा आणि ओरड. पाना मी धरते. एवढं काम तुला लहानपणापासून जमतं. बाकी काही मागत नाही. पाय दुखतायत म्हणून अक्षर वाकडं आलंय असं समज.
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चढलीस हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तुझी चूक सांगतो. तू अजून अँटेनाच फिरवतेयस. डिशला मुंग्या नसतात, आधी धूसर मग स्वच्छ असलं काही नसतं. असतं तेव्हा सगळं, नाहीतर काळा पडदा. आणि येतं तेही सावकाश. बोटभर फिरवायची, मग वीस आकडे मोजायचे, मग पुढचं बोट. तू भराभर फिरवून जागा ओलांडून गेली असशील. डिशच्या मागच्या पट्टीवरचा वर-खालचा कल बदलू नकोस, तो आधी होता तोच ठेव. आता मात्र मी येईपर्यंत हात लावू नकोस.

होय, येतो. १९ मार्चला सकाळच्या गाडीने. डिश लावून देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघतो.

मुक्काम का नाही असं विचारशील, म्हणून लिहून टाकतो. तोंडावर सांगता आलं नसतं. दाजी गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, आता काय काम आहे तुझं इथे. ताई, तू खरंच बोललीस. पण तेव्हापासून काहीतरी काम असल्याशिवाय तुझ्या दारात उभं राहायला पाय उचलत नाही. आता काम निघालंय, तर येतो. पाने-पकड घेऊन येतो. कमी-जास्त लिहिलं असेल तर धाकटा म्हणून पोटात घाल.
टिल्लू


दि. ४ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. वि. वि. ते वीस आकड्यांचं तू कशाला लिहिलंस? डिश लागली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रस्ता ओलांडून शिवणवालीकडे गेले. तिच्या खिडकीतून माझी अख्खी खोली दिसते. खुर्ची, घड्याळ, वाळत घातलेला टॉवेल, सगळं. टीव्हीचं टेबल गॅलरीकडे फिरवलं तर पडदा दिसेल म्हणाली. ठरलं. मी गच्चीवर, ती मशीनवर, चित्र आलं की तिने हात वर करायचा. मी वर गेले, पान्याला हात लावायच्या आतच तिचा हात वर. धावत खाली आले, पडदा काळाच. ती रोजच्यासारखा हात करत होती. तीन वेळा पळवलं बाईने. मग पुन्हा तिच्याकडे जाऊन सांगितलं की रोजचा एक हात, चित्राचे दोन.

दुसऱ्या दिवशी बोट फिरवायचं, वीस मोजायचे, समोर बघायचं. आठव्या वेळी ती मशीनवरून उठून उभी राहिली. दोन्ही हात वर, एका हातात कात्री तशीच. मी पाना आवळला.

खाली आले तर खोली बोलत होती. एक बाई हसून हसून काहीतरी सांगत होती, माझ्याकडे बघून, पण मला नाही. थोडा वेळ ऐकलं. मग आवाज बंद केला आणि खुर्चीत जाऊन बसले. शिवणवाली तोवर दिवा मालवून आत गेली होती. घड्याळ अजून मोठ्यानेच वाजतं.

डिश लागल्याचं तुला कळवूच नये असं दोन दिवस मनात होतं. वाटलं, तू येशील, आदल्या दिवशी मी बोल्ट थोडा ढिला करीन, म्हणजे तुला काम मिळेल. पानाही हातात घेतला होता. पण तू चार जिने चढून येणार आणि मी तुला खोट्या कामाला लावणार, ते माझ्याच्याने होईना.

दारातलं ते मी बोलले होते. तीन दिवस तुझ्या वाटेकडे डोळे लावले होते, आणि तू दिसलास तेव्हा जे तोंडात आलं ते बोलले. चुकले. मला गोड बोलता येत नाही, पण चुकले हे लिहिता येतं.

तर आता इथे तुझं काहीच काम नाही. पंखा फिरतो, मिक्सर चालतो, डिश लागली. पाने-पकड घरीच ठेव. खुर्ची एकच आहे, मी खाली बसेन. १९ तारखेला काम नसताना येतोस का, आणि मुक्कामाला येतोस का, एवढंच कळव. पत्राला पाच दिवस लागतात, म्हणून तुझं उत्तर १४ तारखेला माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालाची वाट बघायला त्या दिवशी मी धुलाईघरातून रजा घेतली आहे.
ताई