विनावीज आइस्क्रीम आणि तुमचे बंधुराज

ती. ताईंना साष्टांग नमस्कार,

आम्ही सगळे ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? तुम्ही पाठवलेलं आइस्क्रीमचं लाकडी पॉट पोचलं. तुमचे उपकार फेडायला हा जन्म पुरायचा नाही. का, ते सांगतेच, पण आधी माझं रडगाणं ऐका.

यंदा आइस्क्रीम करायचं ते वीज न जाळता आणि प्लॅस्टिक न वापरता, असं तुमच्या बंधुराजांनी जाहीर केलं. (घोषणा ते करतात, राबते मी.) भांड्याच्या झाकणाला प्लॅस्टिक नको म्हणून त्यांनी स्वतःचा जुना बनियन गुंडाळला. धुतलेला होता, असं त्यांचं म्हणणं. बाजूने बर्फ-मीठ भरून हँडल फिरवायला बसले आणि लगेच कंबर धरली. मग मी फिरवलं, माझा खांदा गेला. पॉटमधून गळलेलं खारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते त्यांनी माझ्या गुलाबांना घातलं. गुलाबांनी माना टाकल्या.

बाबा हे सगळं खुर्चीतून बघत होते. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात नुसता मांडीवर पडून असायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून भिरकावला, तोही डाव्या हाताने. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, चेंडू दाबून काय दुरुस्त होणार म्हणाले. आम्ही आशाच सोडली होती, ताई. पण बंधुराज हँडल कधी पुढे, कधी मागे असं हिसडायला लागले तेव्हा बाबांना बघवेना. "अरे गाढवा, दाते झिजतील!" असं ओरडून त्यांनी खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि हँडल धरलं. उजव्या हाताने! वरून डाव्याचा आधार होता, पण फिरत होता उजवा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बंधुराज आत जाऊन नळ धो धो सोडून भांडी घासत बसले. (एरवी थेंबाथेंबावरून मला बोलतात.)

आइस्क्रीम खारट झालं, बनियनमधून मीठ आत गेलं. बाबांनी नावं ठेवत ठेवत दोन वाट्या संपवल्या. आता रोज सकाळी पॉट घेऊन बसतात, आत काही नसलं तरी. काल शर्टाचं बटण स्वतः लावलं. ताई, हे तुमच्यामुळे झालं.

तुमची भावजय

ता. क. वीज वाचवल्याची फुशारकी बंधुराज फोनवर मारतील. बर्फ कारखान्यातला होता आणि तो आणायला गाडीने दोन खेपा झाल्या.

आणखी एक ता. क. पॉट परत मागू नका. देणार नाही.

शेवटचा ता. क. पाकिटावरचा पत्ता बाबांनी लिहिलाय, उजव्या हाताने. पत्र पोचलं असेल तर तुमच्या पोस्टमनचे पाय धरा, आणि पाकीट टाकून देऊ नका.