सातव्या मजल्यावरचा वर्ग

सोमवार, ३ तारीख
ऑफिसची लिफ्ट मजल्यावर थांबली की बोटभर खाली घसरते. लिफ्टच्या मिस्त्रीने आज पाहून खात्रीने सांगितलं. ब्रेक झिजलाय. नवा येईपर्यंत ‘बंद’ची पाटी लावू का, असं विचारत होता. इमारतीची देखभाल माझ्याकडे ना. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार हाच तर माझा विषय. शुक्रवारी सातव्या मजल्यावर माझा ‘योग्य काय, अयोग्य काय’ हा वर्ग आहे. साहेब खूश झाले तर नीती-अधिकाऱ्याचं नवं पद माझंच. आणि साहेबांची अंगकाठी पाहता ते सात मजले चढणं शक्य नाही.

मंगळवार, ४
विचार केला. कृतीची पारख हेतूवरून होते. माझा हेतू लोकांना शहाणं करण्याचा. म्हणून पाटी वर्गानंतर. मिस्त्री म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, पण उद्या काही झालं तर मी सुट्टीवर होतो. शिक्षेची भीती हा नैतिक विकासाचा अगदी पहिला टप्पा. बिचारा तिथेच अडकलाय. वर्गात उदाहरण म्हणून घेईन.
आजपासून जिने चढायचे. व्यायाम.

बुधवार, ५
पोटऱ्या भरून आल्या. लिफ्ट चार बोटं खाली. रिसेप्शनच्या बाई ठेचकाळल्या. म्हणाल्या, ही एक दिवस कुणाचा तरी घास घेणार. मी म्हटलं, शुभ बोला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही हल्ली जिन्याने कसे? वजनाचं कारण सांगितलं. खोटं नाही, वजन वाढलंच आहे.
जास्तीत जास्त लोकांचं भलं, हे तत्त्व आज पटलं. शिकणार साठ जण, ठेचकाळली एक.

गुरुवार, ६
लिफ्ट वीतभर खाली. वर जाताना खरवडल्यासारखा आवाज. तो थांबला की जास्त भीती वाटते.
पक्का निश्चय. पाटीसाठी खिळा ठोकला. तेवढ्यात साहेबांचा फोन. उद्या मिसेसना आणा, घोषणा वर्गातच करू. पाटी कपाटामागे ठेवली. खिळ्याला कॅलेंडर अडकवलं, खिळा वाया जायला नको.
रात्री बायकोने विचारलं, माझे गुडघे असे, लिफ्ट आहे ना? आहे, म्हटलं. आहेच.

शुक्रवार, ७. सकाळ
सर्वांना लागू करता येईल असंच वागावं, हा नियम आज शिकवणार आहे. बायको अपवाद. तिला म्हटलं, गुडघे दुखतात तर घरीच राहा. ती म्हणाली, नवऱ्याला जन्मात एकदा खुर्ची मिळतेय आणि मी घरी बसू? माझ्याआधी तयार होऊन दारात उभी.

शुक्रवार, पावणेअकरा. चौथ्या मजल्याचा जिना
पाय चालेनात, म्हणून बसून लिहितोय. खाली साहेब लिफ्टचं दार धरून उभे होते. बायको म्हणाली, आज तरी माझ्याबरोबर चला. मी व्यायामाचं सांगितलं. ती हसून साहेबांबरोबर आत गेली. खरवडण्याचा आवाज माझ्या शेजारून वर गेला आणि मध्येच थांबला.
मिस्त्रीला फोन केला. तो सुट्टीवर आहे.
वरून निरोप आला, सगळे जमलेत, सुरुवात करायची का. बायको ‘अहो, अहो’ हाका मारतेय. प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा खालून येते. साहेबांचा आवाज मात्र शांत आहे. इमारतीची देखभाल कुणाकडे आहे, असं विचारतायत.
बायको सांगेलच आता.