पट्ट्याची शिट्टी

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
प्रियूच्या शाळेनं कळवलं होतं की म्युझिक टेक्नॉलॉजीचा प्रोजेक्ट बिनखर्चाचा आहे, मोबाइल असला की झालं. आजपर्यंत लागलेलं: अकोला ते अकोट जाऊन-येऊन डिझेल, जिनिंगच्या चौकीदाराला चहा-समोसा, बार्शीटाकळीच्या साखरपुड्याची सोडलेली ऑर्डर, आणि कापसाच्या धुळीत गेलेला प्रियूचा नवा ड्रेस. असा हा बिनखर्चाचा प्रोजेक्ट.

विषय: आपल्या घरच्या कामाचा आवाज. रेकॉर्ड करा, एडिट करा, दोन मिनिटांचा पीस करा. मला वाटलं, पोरगी माझं साउंड सर्विसचं दुकान घेईल. तिनं आजोबांचं काम घेतलं. माझ्या बाबांनी अकोटच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जन्म काढला. ते सांगतात, मशीनचा पट्टा तुटायच्या आधी बारीक शिट्टी मारतो. ती ऐकली की सगळ्यांनी मागं सरकायचं. तिथली जुनी मशीनची लाइन मंगळवारी भंगारात जाणार. म्हणून आजची धावपळ. प्रियू म्हणते, शिट्टी सापडली.

मी तिथंच उभा होतो. नुसती घरघर होती. पण पोरीचं मन मोडवलं नाही, हो म्हटलं. खरं म्हणजे माझ्या कानातून काही सुटत नाही. सायकलला भोंगा बांधून धंदा सुरू केला, आज दोन गाड्या आहेत, त्या या दोन कानांच्या जिवावर.

९ फेब्रुवारी.
संकल्प: प्रोजेक्टला हात लावायचा नाही. माया मॅडमनी पालकसभेत सांगितलं होतं, प्रोजेक्ट मुलांना करू द्या. सांगताना बघत माझ्याकडेच होत्या. मागच्या वर्षीच्या ज्वालामुखीच्या मॉडेलमध्ये मी थोडा बास, म्हणजे घुमणारा खालचा आवाज, टाकला होता. वर्गाची काच आधीपासूनच सैल होती.

११ फेब्रुवारी. दुपार.
हात लावला नाही. फक्त ऐकलं. लॅपटॉप दुकानातलाच आहे, त्यामुळे ऐकणं भागच होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
फार घाण रेकॉर्डिंग. खाली घरघर, वर बारीक सुरांत सगळा हिस्स, म्हणजे रेकॉर्डिंगची सरसर, असणार, असतोच. लोक मला बोलावतात ते हीच घाण काढायला. वरचं कापलं, खालचं कापलं. आता चौकीदाराचा खोकला काय स्वच्छ ऐकू येतो. त्याच फाइलवर सेव्ह केलं, उगाच पसारा नको. प्रियूला सरप्राइज.

१२ फेब्रुवारी.
बायकोला, ज्योत्स्नाला, ऐकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, अवो, शिट्टी कुठं गेली? परवा पोरगी ऐकवून राह्यली होती तवा तं होती, कानात सुई घातल्यासारखी.
मी म्हटलं, तो हिस्स होता.
ती म्हणाली, हिस्स काय असते ते मले नाई माहीत, शिट्टी होती. तिचा तं प्रोजेक्टच शिट्टीचा हाय.

बायकांचे कान कुकरमुळे तयार झालेले असतात. तरी लॅपटॉप उघडला. मागं जाता येत नाही. फाइल एकच, ती मी धुऊन ठेवलेली. प्रियूच्या फोनमध्येही नाही. जागा भरली म्हणून रविवारी मीच ती लॅपटॉपवर घेऊन फोन मोकळा करून दिला होता.
प्रियूला उद्या सांगतो. ज्योत्स्नाला म्हटलं, तू काही बोलू नको. ती म्हणाली, मी काहून बोलू, तुमचं तोंडच बोलून राह्यलं.

१३ फेब्रुवारी.
आज सांगणार होतो. प्रियू शाळेतून आली ती पोस्टर घेऊनच. वर तिच्या अक्षरात: पट्ट्याची शिट्टी. खाली: सहकार्य, माझे पप्पा, आवाजातले तज्ज्ञ. पोस्टरपुढे बसून जेवलो. भाजी कोणती होती, आठवत नाही.
अशा वेळी सांगणं बरं दिसत नाही. आधी दुरुस्ती, मग कबुली.

१४ फेब्रुवारी.
अकोटला एकटाच जाऊन आलो. घरी सांगितलं, ॲम्प्लिफायर बघायला जातो. लाइनच्या जागी सिमेंटवर फक्त बोल्टची भोकं. चौकीदारानं ओळखलं. म्हणाला, काय सायेब, काही राह्यलं काय? म्हटलं, नाही, सहज. त्याला पुन्हा समोसा द्यावा लागला.

१५ फेब्रुवारी, रविवार.
शिट्टी घरीच बनवायचं ठरवलं. यात काय आहे. मोबाइलवर सूर काढायचं ॲप घेतलं. सुई सरकवली की आवाज बारीक होत जातो. चढवत गेलो. एका जागी फोनच बंद पडला, आवाज येईना. सुई अजून पुढे नेली, तरी काही नाही.
तेवढ्यात आतून ज्योत्स्ना ओरडली, बंद करा ते, डोकं फुटून राह्यलं माह्यं.
काय बंद करू? फोन तर मुका होता. नवाच घेतलेला, बदलून घ्यावा लागेल.
शेवटी मला नीट ऐकू येईल अशी शिट्टी लावली. खाली आमच्या कूलरची घरघर. ज्योत्स्ना म्हणाली, हा तं होमगार्ड गर्दी हटवून राह्यला.

बाबा शेजारीच बसले होते. जिनानं त्यांचे कान खाल्ले. टीव्हीवर विनोद झाला की आधी सगळ्यांची तोंडं बघतात, मग हसतात. आज ज्योत्स्ना हसली तसे तेही हसले. मला त्यांची फार कीव येते.

१७ फेब्रुवारी.
प्रियूनं विचारलं, पप्पा, तुमी माह्यावर रागावले काय? बोलून नाई राह्यले. म्हटलं, सीझन आहे, टेन्शन असतं. तिनं माझ्यासाठी चहा केला. 
उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी.
जयंतीची मिरवणूक. काल सांगता आलं नाही, वायरिंग होतं. आज दिवसभर नेहमीच्या जागी, बासच्या स्पीकरच्या डाव्या हाताला उभा. घरी आलो तरी कान वाजतोय. आमच्या धंद्यात म्हणतात, वाजणारा कान जिवंत असतो. म्हणणारा मीच.

२० फेब्रुवारी. सकाळ.
उद्या अमरावतीला शाळेच्या प्रोजेक्टांचं प्रदर्शन. पुढे ढकलायला आता दिवसच नाही. प्रियू वेणी घालत होती. एका दमात सांगितलं: बेटा, तुझी शिट्टी मी मिटवली.
ती म्हणाली, माहीत हाय.
म्हटलं, कधीपासून?
म्हणाली, तुमी धुतली त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली ना मी. मंग तुमचा होमगार्ड बी ऐकला. बरा होता.
मूळ रेकॉर्डिंग माहेनूरच्या फोनमध्ये आहे. माहेनूर म्हणजे शेजारच्या रऊफभाईंची मुलगी, हिची मैत्रीण. अकोटहून येतानाच, गाडीत बसल्या बसल्या हिनं पाठवून ठेवलं होतं. का, असं विचारलं. म्हणाली, तुमच्या हाताले सवय हाय ना, पप्पा.
पीस चार दिवसांपूर्वीच तयार झाला, माहेनूरच्या घरी. मग इतके दिवस बोलली का नाही? तर म्हणाली, तुमी सांगता का नाई ते पाहत होती.
पोस्टरवरचं सहकार्य तिनं खोडलं नाही. खोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती.
स्पीकर माझे, बाकी कशालाही हात लावला नाही. खरंच. बाबा आणि मी पहिल्या रांगेत. प्रियूनं माइकवर सांगितलं, माझे आबाजी या शिट्टीवर जीव वाचवायचे. तुम्हाला शिट्टी ऐकू आली की हात वर करा. आणि पीस सुरू केला.
सुरू होत नाही तोच सगळ्या पोरांचे हात वर. शहरातली पोरं उतावळी. माया मॅडमचाही हात वर. बाबांनी मागं वळून तोंडं बघितली आणि हात वर केला. मी थांबलो. घरघर छान येत होती, शिट्टीची वाट बघत होतो. शेवटी घरघर वाढली, तेव्हा बरोबर जागा ओळखून हात वर केला. एकट्याचाच होता, बाकीच्यांचे दुखून खाली आले होते. टाळ्या भरपूर. बाबा मात्र पोरीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत काहीतरी ओळखीचं होतं, कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार.
चहाच्या वेळी प्रियूनं विचारलं, पप्पा, तुमी हात शेवटी काहून वर केला?
म्हटलं, शिट्टी तेव्हाच आली. या कानांना फसवता येत नाही.
ती ज्योत्स्नाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, शिट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजूनच राह्यली होती.
बाबांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आमची तोंडं बघितली. या वेळी हसले नाहीत. बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं.

उद्या सोमवारी बाबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. ज्योत्स्नानं दोन नंबर लावले आहेत.