उजवा कौल

बाबा, तुमच्या धाकट्याला आज पहिलं औषध लावलंय. तो आत खाटेवर पडलाय, सरबतासारखं लाल औषध त्याच्या शिरेत जातंय, आणि मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि आज बोलायला मला तुम्हीच सापडावात, बघा! पण जे सांगायचंय ते जिवंत माणसाला सांगता येण्यासारखं नाही. आईला तर नाहीच नाही.

चतुर्थीच्या आधी त्याच्या मानेवर गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतली नाही. आपल्याकडे दुखेल तेवढंच दुखणं. मग रोज संध्याकाळी कणकण, अंथरूण भिजेल एवढा घाम, अंगाला खाज, आणि पँटला पट्टा लागायला लागला. आईने मला सासरी पेडण्याला फोन केला, "तू ये गो, माका ह्याचां लक्षण बरां दिसणा नाय." डिचोलीत दाखवलं तर टीबी असेल म्हणाले. सुईने पाणी काढून पाहिलं, त्यात काही नक्की कळेना. शेवटी या मोठ्या हॉस्पिटलात अख्खी गाठच काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मी देवाकडे काय मागत होते, सांगू? टीबी. देवा, माझ्या भावाला टीबी दे म्हणत होते. माणसाची काय वेळ येते!

टीबी नव्हता. इथली डॉक्टर आपल्याच बाजूची आहे, सरळ बोलते. मी तिला म्हटलं, आमच्या बाबांना कॅन्सरच झाला होता, ते गेले, आता ह्याचंही तेच. ती म्हणाली, "ताई, कॅन्सर हें आडनाव. एका वाड्यावर सगळ्यांचं आडनाव एकच असतं, म्हणून सगळ्यांचा स्वभाव एकच असतो? तुमच्या बाबांचा अन्ननलिकेतला. ह्याचा रसग्रंथींमधला. तो वेगळा, हा वेगळा. तिथे आधी कापायचा विचार करतात, इथे कापत बसत नाहीत, औषधानेच गाठी विरघळवायच्या. बरे होऊन कामावर जाणारे मी बघते. पण आता वेळ घालवू नका." मग त्याला साखरेचं इंजेक्शन देऊन मोठ्या मशिनीत घातलं. जिथे आजार असतो तिथे साखर जास्त ओढली जाते, म्हणे, आणि तेवढं फोटोत उजळतं. मानेत उजळलं, छातीत उजळलं, पोटात नाही. पोटात नाही म्हटल्यावर मी तिथेच रडले. दर पंधरा दिवसांनी एकदा असं सहा महिने औषध घ्यायचं, एवढंच ठरलं होतं.

आणि तुमचा मुलगा घरी येऊन सोप्यावर बसला आणि म्हणाला, "माका नाका. बाबांक देवान नको म्हटलेलां. गाठीक लोखंड लागलां काय ता पसारता, माझ्या गाठीक आधीच लावलां तुमी." अक्षरशः तुमचा आवाज, बाबा! 

तुमचं मला पहिल्यापासून आठवतं. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन यायचा, आई गरम उंडे घ्यायची, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कडक उंडा कुर्रम कुर्रम खायचात. एक दिवस तो चहात बुडवायला लागलात. मग जास्त वेळ बुडवायला लागलात, पार लगदा होईपर्यंत. आम्ही हसलो, बाबा म्हातारे झाले म्हणून. मग भात सुटला, पेज सुटली, बांगड्याचा तुकडा आईची नजर चुकवून तुम्ही मांजराला टाकायचात. घशातून नळी घालून तुकडा काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अजून वेळ आहे, ऑपरेशन होईल. तुम्ही देवळात जाऊन देवाला कौल लावलात, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नको. डावा पडला. "देवाची मर्जी नाय," म्हणालात आणि परत त्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नाहीत. शेवटी थुंकी गिळवेना तेव्हा पंचा तोंडाला लावून बसायचात आणि माझ्याकडे बघायचात. राग येतो मला तुमचा. अजून येतो. तुम्ही घाबरला होतात आणि देवाला पुढे केलंत.

आपल्या घरात काय कौलाशिवाय झालंय? माझं लग्न, विहीर, धाकट्याची शाळा. मी लहान असताना एकदा मूर्तीला लावलेली कौलाची पाकळी पडेचना, भटजी ताटकळले, आणि मला हसू फुटलं. तुम्ही कान धरलात, "देवाम्होर दात काढतंस?" आणि तो दुसरा ट्रक! सुर्ल्याच्या खाणीवर एक चालत होता, दुसरा घेऊ का म्हणून विचारलंत, उजवा पडला, घेतलात. वर्ष झालं नाही तोच खाणी बंद. ट्रक अंगणात, टायरांत पावसाचं पाणी, त्यात डास. आई एकदाच बोलली, "उजवो दिलेलो मा देवान?" त्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "देवान ट्रक घे म्हटलां. खाण चालतली म्हणान खंय सांगलेलां?" आई सुद्धा हसली होती.

आठ दिवस मी धाकट्याच्या पाया पडायचीच तेवढी राहिले होते. डॉक्टर फोन करत होती. मानेवरची दुसरी गाठ मला लांबून दिसायला लागली होती. शेवटी तो म्हणाला, "कौल घे. उजवो पडलो तर येतां." स्वतः यायला तयार नव्हता. ताप होताच, पण खरं म्हणजे डोळ्यांदेखत डावा पडलेला त्याला सोसला नसता. मग मी एकटीच गेले.

दुपारची वेळ, देवळात कुणी नाही. भटजींनी मूर्तीवर पाण्याने ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, घराण्याचा एकच मुलगा आहे, औषधाला पाठवायचा असेल तर उजवा दे म्हाराजा. मी हात जोडून उभी. मी मनापासून विश्वास ठेवते, बाबा, हेच तर वाईट आहे. विश्वास नसता तर वाटेतल्या झाडाचं फूल तोडून तेच कौलाचं म्हणून घरी नेलं असतं. किती वेळ गेला कोण जाणे. पाकळी हलली, आणि डावीकडची पडली.

भटजी म्हणाले, "बाय, परत एकदा लावूया?" मी नको म्हटलं. दुसऱ्यांदाही डावाच पडला असता तर माझे पाय तिथून हललेच नसते. "घरी कितें सांगतलें?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उजवा."  त्यांनी खाली वाकून ती पाकळी उचलली, पानात गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली. पाकळीवर काय लिहिलेलं असतं, डावी की उजवी?

धाकट्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि लगेच म्हणाला, "कधी जावचां?" आईने देवापुढे दिवा लावला. मी आत जाऊन मोरीत पाणी सोडून रडले. देवाशी मी खोटं बोलले नाही, त्याला सगळं ठाऊक आहे. पण तो खरा ठरला तर भावाला मी मारला. आणि भाऊ वाचला तर देव खोटा. मला दोन्ही हवेत हो, बाबा, दोन्ही! कुणाच्या पाया पडू?

आत्ता दार उघडलं तेव्हा दिसला मला. ती वाळलेली पाकळी त्याने मोबाइलच्या कव्हरात घातलीय, आणि सुई लावणाऱ्या नर्सला दाखवतोय, "आमच्या देवान उजवो दिला." नर्सने हात जोडले. मला बघून धाकट्याने विचारलं, "ताई, काय लिहितंस?" मी म्हटलं, बाजारातून काय काय आणायचं ते. त्याला बाहेर आणतील तेव्हा हा कागद फाडून टाकणार आहे.

तुमचंच बोलणं धरून बसलेय, बाबा. देवाने नको म्हटलं. पण तो मरेल म्हणून कुठे सांगितलं?