पायावरची मधाची पट्टी

अबू हमूद,

जाग आल्यावर मी दिसले नाही तर घाबरू नका. मी माहेरी गेलेली नाही. "लंगड्यापाशी कशाला राहतेस, जा आईकडे," असं काल तुम्ही ओरडलात, ते मी ऐकलंच नाही. दवाखान्यात मधाच्या पट्ट्या आल्यात, त्या संपायच्या आत आणायला चाललेय. दुपारी येतेच.

दह्यात भाकरी भिजवून झाकून ठेवलीय, ती खा. पाय उशीवरच असू द्या. आणि आपल्या बरणीतला मध जखमेवर थापू नका. पट्टीतला मध दवाखान्यासाठी शुद्ध केलेला असतो. आपला भाकरीला लावा. ताप वाटला तर शेजारच्या जमीलाखालाला हाक मारा, ती मला फोन करील.

काल डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर बोलावलं, तेव्हा पाय कापायचं ठरलं असं तुम्ही धरून चाललात. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलात, मला बोलूच दिलं नाहीत. अहो, त्या हसत होत्या! म्हणाल्या, "हे जंतू एकाही औषधाला जुमानत नव्हते. आता मधाच्या पट्ट्यांनी घाण वास गेलाय, खाली नवं मांस धरतंय. कापायचं नाव काढू नका."

बांधकामावरचा दगड पडल्यापासून तुम्ही त्या पायाकडे एकदाही पाहिलेलं नाही. आज पट्टी बदलताना माझा हात धरा आणि बघा. आपला हमूद जन्मला तेव्हा त्याचे तळवे असेच गुलाबी होते.

तुमची,
बिल्कीस