एक लाख साठ हजारांची सुई

१८ एप्रिल २०१६, सोमवार
केशवनं सुई आणली. एक लाख साठ हजार! शिवायची नाय, रेकॉर्ड वाजवायची. कार्ट्रिज म्हणतात, लाकडाच्या इवल्याशा ठोकळ्यात बसवलेली. जपानात कुणी म्हातारा हातानं बनवतो, महिन्याला आठच. मी जल्मभर हातानं शेवया केल्या, ह्याच्याहून बारीक. मला कुणी आठ आणे नाय दिले. शी! फुलंब्री रोडच्या ह्या नव्या कॉलनीत नळ नाय, टँकर चौथ्या दिवशी, आन् पोरगा सुया घेतो. अक्षय्य तृतीयेला हौदाचं काम काढतो म्हणलाय. काढीलच. माझा शब्द मोडत नाय तो. मी कुणाच्या मधी पडत नाय.

१९ एप्रिल, सकाळी
नवी वस्तू आली की हळदीकुंकू. फटफटीला लावलं, मिक्सरला लावलं, मग हिनंच काय घोडं मारलं? केशव हापिसात गेल्यावर बोट टेकवलं. हलकंच.

तीच तारीख, दुपारी
मोडली. मालच हलका. शेवई तरी वाकती.

२० एप्रिल
सूनबाई आधी हसली, मग रडकुंडीला आली. म्हणली, आई, तुम्हाला ते काही नाही बोलणार, मलाच बोलतील. औरंगपुऱ्यातून अन्सारभाईला बोलावलं, रेडिओवाले, आमचे जुने. ते कपाळाला हात लावून म्हणले, अम्मा, लाख की चीज पे हल्दी कायकू लगाए? मग भिंग लावून आपल्या डब्यातली जुनी सुई त्याच लाकडाला, मोडलेलीच्या जागी डकवली. पैसे घेतले नाय, चहा घेतला.
बरंच झालं. रविवारी केशवचे रेकॉर्डवाले मित्र येणार. आवाज भिकार आला की तेच नावं ठेवतील. मग मी म्हणणार, दे परत, बांध हौद. पक्कं.

२४ एप्रिल, रविवार
तिघं आले. पाणी मागितलं, अर्धा अर्धा गिलास दिला. हिमांशू म्हणून एक आहे, तो डोळे मिटून म्हणला, केशव, काय हवा आहे रे आवाजात! पंखा तर ह्यांनीच बंद केलता. दुसरा म्हणला, हातकामाची सर मशीनला नाही. लाखाचे कान आन् डब्यातली सुई! पदरात तोंड घालून लई हसले. उद्या केशवला सगळं सांगते. सरळ.

२५ एप्रिल
उपास. बोलायला ताकद नव्हती.

२ मे
टँकर सहा दिवस नाय. खरकटी भांडी राखेनं कोरडीच घासली. आता सांगतेच. जेवल्यावर.

३ मे
जेवल्यावर डोळा लागला.

९ मे, अक्षय्य तृतीया
केशव पेढे घेऊन आला. म्हणला, आई, मित्र म्हणाले, ही एवढी वाजते तर हिच्या वरचं मॉडेल कसं वाजेल! मागवलं. तीन लाख. हौदाचं पुढच्या वर्षी बघू.
मग हळूच म्हणला, त्या सुईच्या लाकडावर तुझं कुंकू दिसलं मला. पुसलं नाही. तुझा हात लागला म्हणूनच वाजली. नवीलाही तूच लाव.
मी म्हणलं, हळद संपली.